टोचन गाडीचा टर्बो

बंद पडलेल्या गाड्या उचलून नेणं हा आमचा धंदा. त्यामुळे आमचीच गाडी ताम्हिणी घाटात बंद पडली आणि तिला ओढून न्यायला दुसऱ्याची गाडी आली, तेव्हा अख्ख्या मुळशी तालुक्यात माझ्याएवढं प्रसिद्ध कोणी नव्हतं. टोचन गाडीलाच टोचन! माझ्या गाडीच्या पाठीवर गिऱ्हाइकाची मोटार, मी पुढच्या गाडीला बांधलेली, असली ती आगगाडी घाटातून निघाली. कुणीतरी व्हिडिओ काढला. संध्याकाळपर्यंत तो माझ्या माहेरून मलाच पाठवण्यात आला, खाली हसणारी पाच-सहा तोंडं.

ती गाडी मी चालवते. चार वर्षांपूर्वी आमच्या ह्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही असं बजावलं, तेव्हापासून. आधी दोन डायव्हर ठेवून पाहिले. एक सांगून गेला, एक न सांगता गेला. मला ट्रॅक्टर येतच होता, मग रीतसर मोठ्या गाडीचं लायसन्स काढलं. हे घरी बसून फोन घेतात आणि मी कुठल्या वळणावर काय करायला हवं ते तिथून सांगतात. उंटावरून शेळ्या हाकायला मणका लागत नाही.

मला ती सीट आवडते. हे मी कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, आज लिहून टाकते. घोटावड्याच्या त्या घरात मी वीस वर्षांपूर्वी आले आणि वीस वर्षं मीठ कुठं आहे, टॉवेल कुठं आहे याची उत्तरं देत राहिले. गाडीच्या सीटवर बसलं की कुणी मीठ विचारत नाही. हिंजवडीच्या रस्त्यावर भरल्या ट्रॅफिकमध्ये टाय लावलेला एखादा साहेब बंद मोटारीपाशी घामाघूम होऊन उभा असतो आणि मला बघून म्हणतो, "थँक गॉड, मॅडम आल्या." घरात मला बघून देवाची आठवण कुणाला झालेली नाही.

पण मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तो व्हिडिओ पाहिला. मामंजी बैलगाडा शर्यतीतले जुने माणूस. त्यांच्या दावणीचे बैल एके काळी घाट गाजवायचे. हा घाट म्हणजे शर्यतीची धावपट्टी, डोंगरातला रस्ता नव्हे. हरणं त्यांना चालायचं, पण बैल घाटात मध्येच उभा राहिला तर ते आठ दिवस पारावर जायचे नाहीत. आता त्यांची सूनच घाटात उभी राहिली होती.

"गाडी बंद पडायची तिसरी खेप हाय ही," ते ह्यांना म्हणाले. मी दोन हातांवर दारात उभी होते, पण बोलणं ह्यांच्याशी. "डायव्हर बगून ठिवलाय मी. पलीकडच्या गावचा हाय. दसऱ्यापस्नं त्यो येईल. तवर गाडी घाट चढली तर बगू, न्हाई तर बायामाणसाला कशाला तरास."

तरास! मला रडू आलं आणि रडण्यापेक्षा राग जास्त आला. पण मामंजींपुढे मी आजवर ना मोठ्यानं बोलले होते ना खाली बसले होते, तेव्हा आत जाऊन कणीक मळली. त्या दिवशीच्या पोळ्या फार मऊ झाल्या. दसऱ्याला दीड महिना होता.

दुसऱ्याच दिवशी गाडी पिरंगुटला मिस्त्रीकडे नेली. मिस्त्री डिझेल इंजिनातला जुना माणूस, बोलणं कमी आणि तंबाखू जास्त. त्यानं नळ्या सोडवल्या, टर्बोच्या पंख्याचं टोक चिमटीत धरलं आणि हलवलं. पंखा सैल दातासारखा हलला.

"ग्येला," तो म्हणाला.

टर्बो म्हणजे काय ते मला तोवर निम्मंच कळत होतं. मिस्त्रीनं सांगितलं ते असं : इंजिनाचा बाहेर जाणारा धूर एका बाजूचा पंखा फिरवतो, त्याच दांड्यावर दुसऱ्या बाजूला आणखी एक पंखा असतो, तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा जास्त तर ताकद जास्त. दांडा खिळखिळा झाला की हवा कमी, धूर काळा आणि गाडी घाटात गपगार.

"ह्योच परत बसवू नका पर," तो म्हणाला. "आता वजनं वाढली, वैनी. बॅटरीवरच्या मोटारी किती जड असत्यात! जुन्या टर्बोला झेपायचं न्हाई. वरचा टाका. कुटला टाकायचा, त्ये घरी ठरवा."

घरी ठरवा म्हणजे काय, तर ह्यांनी ठरवलेलंच होतं. ह्यांच्या फोनमध्ये एक व्हिडिओ होता. एक ट्रक नुसता उभ्या उभ्या शिट्टी मारत होता. "ऐकलंस?" हे म्हणाले. "असला टर्बो पायजे. गावात शिरलो की कळलं पायजे कोण आलंय." मी म्हटलं, गावात शिरताना कळावं म्हणून भोंगा असतो. पण ह्यांच्या डोळ्यांत लग्नातल्यासारखी चमक होती. मोठा टर्बो, मोठा पंखा, मोठी शिट्टी. ह्यांच्या एका मित्राच्या खडी वाहणाऱ्या डंपरला तसाच होता. "चल, बसून बघ," हे म्हणाले.

बसले. डंपर खडीनं भरलेला. पिरंगुटचा घाट लागला, मित्रानं खालूनच वेग घेतला, शिट्टी सुरू झाली, आणि खोटं कशाला बोलू, छातीत धडधडलं. वाऱ्यासारखा वर निघालो. हे खिडकीतून बाहेर असे बघत होते, की शर्यत ह्यांनीच मारली.

तेवढ्यात मला एक जुनी गोष्ट आठवली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मामंजी बैल बघायला जात तेव्हा चहापाणी घेऊन मला मागे जावं लागे. विकणारा बैल पळवून दाखवायचा, लोक टोप्या उडवायचे. मामंजी मात्र म्हणायचे, पळवून दावू नगं. गाडा चिखलात उभा कर, वर दोन माणसं बसव, आन् उभ्यानं उचलतोय का त्ये दाव. निम्मे बैल तिथंच नापास व्हायचे.

"भाऊजी, थांबवा इथंच," मी मित्राला म्हटलं.

"चढात? का?"

"थांबवा तर. आणि आता उचला."

त्यांनी थांबवला. मग पाय दाबला. इंजिन गुरगुरलं, गाडी जेमतेम हलली, मागे रांग लागली, भोंगे सुरू झाले. शिट्टी कुठंच नाही. मोठा पंखा फिरायला धूर जास्त लागतो, आणि गाडी हळू असताना तेवढा धूर कुठून यायचा? बरंच पुढं गेल्यावर तो टर्बो जागा झाला, तोवर मित्राच्या कपाळावर घाम होता. ते खालून वेग घेऊन येतात, त्यांना चालतं. माझं काम असं, की घाटातल्या वळणावर बंद मोटार असते, तिथंच ती पाठीवर चढवायची आणि तिथूनच, उभ्या जागेवरून निघायचं. मला शिट्टी काय करायची! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. परत येताना ह्यांनी मोठ्या टर्बोचा नाद सोडला. फोनमधला व्हिडिओ मात्र ठेवला आहे, मी पाहिलंय.

मोठा नको, हे कळलं. मग कुठला हवा?

याचं उत्तर आमच्या मागच्या खोलीत राहत होतं. आमची भाडेकरू, अमरावतीची मुलगी, हिंजवडीत कॉम्प्युटरचं काम करते. आधी जांबेत राहायची, पण तिथल्या ट्रॅफिकमध्ये ऑफिसला पोचेपर्यंत लोकांचं पुस्तक वाचून होतं, म्हणून आमच्याकडे आली. आता आमच्या रस्त्यावर दोन पुस्तकं होतात. टर्बोचं कानावर पडल्यावर ती चहाचा कप घेऊनच स्वयंपाकघरात आली.

"काकू, मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे ना बाप्पा! कॉलेजला हेच तर शिकले. नोकरीत आजपर्यंत कोणी एक नट विचारला नाही मला."

तिनं लॅपटॉप कणकेच्या परातीशेजारी ठेवला आणि एक चित्र दाखवलं. अंगठ्याच्या ठशासारख्या रेघाच रेघा. प्रत्येक टर्बोचा असा ठसा असतो म्हणे, आणि आपलं इंजिन ज्या वेगानं चढ चढतं ती जागा ठशाच्या मधोमध यायला हवी. कडेला गेली की टर्बो नुसता धापा टाकतो.

"तुम्ही घाट चढताना इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा कुठं असतो?" तिनं विचारलं.

"काट्याकडं कोण बघतं? मी आवाजावर गिअर टाकते."

"तो आवाजच मोजायचाय आपल्याला."

मिस्त्रीनं जुना टर्बो कसाबसा बांधून दिला आणि रविवारी आम्ही दोघी निघालो. पाठीवर गॅरेजमधली एक मोटार मुद्दाम वजनाला घेतली होती. मी चालवत होते, ती मांडीवर वही घेऊन काटा लिहीत होती. काळ्या धुरानं मागचे मोटारसायकलवाले शिव्या देत होते, ती त्यांना खिडकीतून "सॉरी, टेस्टिंग!" म्हणत होती. पिरंगुट, पौड, मग ताम्हिणीचे पहिले चढ. सतरा वेळा थांबलो, सतरा वेळा उचलली. शेवटी तिनं वही मिटली. मी कितीही आदळआपट करो, काटा पंधराशेच्या जवळपासच घुटमळत होता. माझा कान वीस वर्षं घरातल्या कुकरवर तयार झालेला, त्याला बरोबर कळत होतं.

मग निवड सोपी झाली. धुराच्या बाजूचा पंखा लहानच, म्हणजे लवकर जागा होणारा. हवेच्या बाजूचा जुन्यापेक्षा जरासाच मोठा आणि चांगल्या घडणीचा. दांड्याचं बेअरिंग मात्र दणकट. शिट्टी जवळपास नाही. कागद घेऊन मिस्त्रीकडे गेलो, त्यानं तो उलटासुलटा पाहिला.

"बराबर हाय. मीबी ह्योच सांगितला असता."

"मग सांगितला का नाही?"

"मालक फोनवर शिट्टीचं बोलत हुते," तो म्हणाला. "मधी कुटं बोलायचं?"

नवा टर्बो आला त्या दिवशी मिस्त्रीनं जुना पुरता खोलून माझ्यापुढे ठेवला. दांड्यावर काळं, कडक, करपलेल्या दुधासारखं काहीतरी चिकटलेलं. त्यानं नखानं खरवडलं.

"वैनी, एक इचारू? घरी पोचल्या की गाडी लगीच बंद करता व्हय?"

 उत्तर मला ठाऊक होतं, आणि ते सांगण्यासारखं नव्हतं.

आमच्या घराशी यायला शेवटचा एक उभा चढ आहे. बरेचदा पाठीवर मोटारही असते, ती रात्रभर अंगणात ठेवून सकाळी पोचवायची असते. चढ संपतो तिथं आमचं फाटक आणि फाटकासमोर ओटा. ओट्यावर मामंजी. गाडी आत शिरली की त्यांची आरोळी येते, "बंद कर!" उभ्या गाडीनं डिझेल खाऊ नये हा त्यांचा कायदा. आणि कायदा नसता तरी मोठ्या माणसापुढे इंजिन घरघरत ठेवायचं, हे सुनेला शोभतं का? मी फाटकातच किल्ली फिरवायचे. डोक्यावरचा पदर सारखा करण्याच्या आधी.

"चढ चढून आल्याला टर्बो आतनं लाल झाल्याला असतोय," मिस्त्री सांगत होता. "इंजिन बंद की त्येचं तेल बंद. उरल्यालं तेल तितंच करपतंय. तीन मिनटं नुसती चालू ठेवली की थंड हुतोय बिचारा. दोन वर्सामागं पयला ग्येला त्योबी असाच ग्येला आसंल. ह्यो नवाबी जाईल. कितीबी भारी टाका."

म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! आम्ही ठसे काढत बसलो होतो आणि टर्बो मरत होता तो माझ्या मर्यादेनं. ज्या तोंडाच्या आरोळीनं तो मारला, त्याच तोंडानं मला सीटवरून उतरवायचं ठरवलं होतं. मिस्त्रीच्या स्टुलावर बसून मी पाच मिनिटं मनातल्या मनात मामंजींशी भांडले. फार सुंदर बोलले. एकही शब्द बाहेर आला नाही.

"तुम्ही सांगा मामंजींना," मी मिस्त्रीला म्हटलं.

"मी? माज्या बापाला ते बैलाच्या चाबकानं हाणणार हुते एकदा," तो म्हणाला आणि गाडीखाली शिरला.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "बघू, दसरा झाल्यावर बोलू." भाडेकरू म्हणाली, "काकू, मी प्रेझेंटेशन करून देते ना." एवढंच शिल्लक होतं.

नवा टर्बो बसला त्याच आठवड्यात फोन आला. ताम्हिणीच्या खाली, कोकणाच्या बाजूला बॅटरीवरची एक भली जाड मोटार चार्जिंग संपून बसलेली, आणि आत एक कुटुंब, त्यातली आजी सारखी विचारत होती की ही गाडी धक्का मारून का चालू होत नाही. मोटार पाठीवर घेतली, माणसं केबिनमध्ये कोंबली आणि चढ धरला. माझं नाक कापलं गेलं होतं ते वळण आलं. तिथं मी मुद्दाम थांबले. मागे गाडी नव्हती, आणि असती तरी थांबले असते. मग क्लच सोडला.

गाडी उठली. ना शिट्टी, ना धूर, ना घरघर. वजन पाठीवर आहे हे विसरल्यासारखी उठली आणि वळण घेऊन वर निघाली. मी एकटीच मोठ्यानं हसले. शेजारी बसलेल्या मोटारीच्या मालकानं दरवाजाची कडी घट्ट धरली.

त्यांना पौडला नातेवाइकांकडे सोडलं आणि मोटार पाठीवर घेऊन दिवेलागणीला आमचा शेवटचा चढ चढले. फाटक. ओटा. मामंजी.

"बंद कर!"

हात आपसूक किल्लीवर गेला. इतक्या वर्षांची सवय, ती विचारून येत नाही. पण हात तिथंच राहिला. मी किल्ली फिरवली नाही. इंजिन चालू ठेवून, ब्रेक ओढून खाली उतरले आणि ओट्यासमोर उभी राहिले. 

"ऐकाय येत न्हाई का? बंद कर म्हनलं!"

"नाही करणार, मामंजी. तीन मिनिटं नाही करणार."

हे दारात आले होते ते परत आत गेले. मी पाठ केलेलं सगळं बोलून टाकलं : पंखा, दांडा, बेअरिंग, तेल, लाल होणं, करपणं. मध्येच भाडेकरूचे इंग्रजी शब्दही आले. मामंजी काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. मला श्वास घ्यावा लागला तेव्हा त्यांनी हात वर केला.

"म्हंजी पळून आल्याला बैल. एवडंच ना?"

"अं?"

"घाट मारून आल्याला बैल लगीच दावणीला बांदत न्हाईत. फिरवत्यात. लगीच बांदला तर आकडतो, मरतोबी." त्यांनी गाडीकडे पाहिलं. "मंग मीच मारला म्हन की पयला. आन् दुसराबी." मग काठी आपटली. "हे मला आदी का न्हाई सांगितलंस?"

"तुमच्यापुढं इंजिन चालू ठेवून कसं बोलायचं, मामंजी?"

 ते काठी टेकत खाली आले, गाडीला एक वळसा घातला, पाठीवरच्या जाडजूड मोटारीकडे पाहिलं आणि बॉनेटवर तळवा ठेवला. बैलाच्या पाठीवर ठेवायचे तसाच.

"ही आज घाट चढली?"

"उभ्यानं उचलली. त्याच वळणावर."

"उभ्यानं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग घराकडे तोंड करून ह्यांना हाक मारली. "अरं, त्या डायव्हरला फोन कर. म्हनावं, जागा न्हाई."

ते परत ओट्यावर जाऊन बसले. मी उभीच. त्यांनी घोंगडी जराशी ओढून बाजूला जागा केली.

"बस. ती दम खातीया तवर तूबी खा."

मी त्या ओट्यावर कधी बसले नव्हते. सारवला होता, झाडला होता, त्यावर वाळवणं घातली होती. बसले तेव्हा कळलं, की कंबर किती दुखत होती. समोर इंजिन संथ चालू होतं आणि आम्ही दोघं ते ऐकत होतो.

"झाली का तीन मिनिटं?" जरा वेळानं मी विचारलं. "करू का बंद?"

"न्हाई अजून," मामंजी म्हणाले. "बस तू."

माझ्या हातातल्या घड्याळात दहा मिनिटं होऊन गेली होती.